डोंगरवाटेचें तट्टू
(नभोवाणीवरील भाषण)



मराठ्यांच्या इतिहासांत भीमथडीच्या तट्टांचें नांव मोठ्या मानानें घेतलें जातें. भीमेच्या खोऱ्यांत पैदास झालेलें हें जनावर दिसावयास फारसें रुबाबदार नव्हे. उंची बेताची, अंगलट सडपातळ आणि दाणावैरण मिळेल ती. परंतु घाटाच्या चढणीवर, दगडगोट्यांतून व ओढ्यानाल्यांतून तें ज्या चपळाईनें जाई, तिची बरोबरी करणें उंच्यापुऱ्या, जडशीळ घोड्यांना अवघड जाई. पाठीवर मोजकें ओझें घेऊन दिवसामागून दिवस चालत राहणें, हाच त्याचा मोठा गुण.

आज या तट्टाची आठवण होण्याचें कारण निराळें आहे. अलीकडे शहरांतील पुष्कळ तरुणांना, आणि तरुणींनाही, मोटारसायकलवर बसून हिमालयांत जाण्याची ओढ लागली आहे. घरांत ही गोष्ट प्रथम निघते तेव्हां आईवडिलांच्या पोटांत गोळा येतो, आणि मुलाच्या डोळ्यांपुढें जाहिरातींतलें एखादें अवजड, चकचकीत वाहन उभें राहतें. या दोन्ही पक्षांना उपयोगी पडतील असे चार शब्द आज सांगावे असा विचार आहे. माझें म्हणणें एका वाक्यांत सांगतों: निर्जन वाटेवर आडवी पडलेली जी मोटारसायकल आपल्याला एकट्यानें उचलून उभी करतां येते, तीच आपली. बाकीचे सारे गुण त्या मागून.

प्रथम ही जात कोणती तें पाहूं. बाजारांत हिला 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणतात. डांबरी सडकेवर कायद्यानें चालवितां यावी आणि सडक संपल्यावर मातीच्या वाटेवरही अडूं नये, अशी ही दुहेरी उपयोगाची गाडी. पूर्वीं हौशी लोक सडकेवरच्याच गाड्यांत फेरफार करून आपली सोय करून घेत. १९६८ सालीं जपानच्या यामाहा कारखान्यानें २५० सी.सी. वर्गांतली 'डी.टी.-१' ही हलकी गाडी बाजारांत आणली, आणि तेव्हांपासून या जातीला खरा बहर आला. आपल्या देशांत हीरोची 'इम्पल्स' २०११ सालीं आली, पण ती फार काळ टिकली नाहीं. पुढें २०१६ सालीं रॉयल एनफील्डची 'हिमालयन' व २०१९ सालीं हीरोची 'एक्सपल्स २००' आली, आणि सामान्य माणसाला अशी गाडी विकत घेणें शक्य झालें.

आतां, ही गाडी नेमकी कोठें चालवावयाची आहे हें ठरल्यावांचून निवडीची चर्चा व्यर्थ आहे. म्हणून आपण एकच वाट डोळ्यांपुढें धरूं. हिमाचल प्रदेशांत मनालीहून स्पीतीच्या खोऱ्यांतील काझा या गांवीं जाणारी ही वाट सुमारें २०० किलोमीटरांची आहे. २०२० च्या ऑक्टोबरांत ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची खिंड ओलांडण्याचे कष्ट वांचले आहेत. परंतु खरी परीक्षा बोगद्याच्या पलीकडे, ग्राम्फूपाशीं चंद्रा नदीच्या कांठीं वळल्यावर सुरू होते. छत्रू, बातल अशीं ठिकाणें घेत हा रस्ता साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीच्या कुंझुम खिंडीवर चढतो आणि पलीकडे लोसरला उतरतो. याचा मोठा भाग वर्षानुवर्षें दगडगोट्यांसाठीं आणि वितळत्या बर्फाच्या ओढ्यांसाठीं प्रसिद्ध आहे.

याच वाटेवर, छत्रूच्या पुढें, कांहीं वर्षांपूर्वीं एका ओढ्यांत माझी स्वतःची मोटारसायकल आडवी झाली. ती गाडी जड होती, आणि मागें दोन्ही बाजूंस पत्र्याच्या पेट्या लावलेल्या होत्या. पाणी गुडघ्याइतकेंही खोल नव्हतें. मात्र तोल सांवरण्यासाठीं मीं पाय खालीं टेकला तो नेमका पेटीखालीं सांपडला. बर्फाच्या पाण्यांत बसून मीं ती गाडी उचलण्याची जितकी खटपट केली तितका मी थकत गेलों. पाऊण तासानें एक ट्रक आला आणि ड्रायव्हरनें व त्याच्या जोडीदारानें मला सोडविलें. हाड मोडलें नाहीं, हें सुदैव. ट्रक संध्याकाळपर्यंत आला नसता तर काय झालें असतें, याचा विचार मीं पुढें पुष्कळ वेळां केला आहे. त्यांत दोष ओढ्याचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. तें यंत्र सडकेवर उत्तम चालत होतें. चूक निवडीची होती, आणि ती मीं शहरांत, दुकानांत उभें राहून केली होती.

म्हणून प्रथम वजनाचा विचार. २०२३ सालीं आलेल्या 'हिमालयन ४५०' चें वजन पेट्रोलसह १९६ किलो आहे. २०२१ सालीं आलेल्या चार व्हॉल्व्हच्या 'एक्सपल्स २००' चें सुमारें १५९, तर कावासाकीच्या 'के.एल.एक्स. २३०' चें १३९. पहिलीचें इंजिन ४० अश्वशक्तीचें, तर उरलेल्या दोघींचें अठरा-एकोणीस. दुकानांत विचारणारा माणूस अश्वशक्तीचा आंकडा विचारतो. चिखलांत उभा असलेला माणूस वजनाचा विचार करतो. त्यांतून सामान म्हणून तीस-पस्तीस किलो आणखी लादले कीं पहिली गाडी सवादोनशें किलोंच्या पलीकडे जाते. समुद्रसपाटीला जो माणूस ती कशीबशी उचलील, त्याची चार हजार मीटर उंचीवर दुसऱ्याच प्रयत्नांत छाती भरून येते.

उंचीचा हा परिणाम इंजिनालाही सुटत नाहीं. इंजिन हेंही श्वास घेणारें यंत्र आहे. साडेचार हजार मीटरांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानानें एक-तृतीयांशाहूनही अधिक घटते. तितक्या प्रमाणांत प्राणवायु कमी, आणि तितकेंच पेट्रोल जाळतां येतें. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्या अशा ठिकाणीं काळा धूर ओकीत, कारण हवा कमी झाली तरी पेट्रोल पूर्वीच्याच मापानें येत राही. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि पेट्रोल मोजून सोडणारी इंजेक्शनची यंत्रणा बहुतेक नव्या गाड्यांत आली. त्यामुळें मिश्रण आपोआप सुधारतें. परंतु जी हवा मुळांत नाहीं ती कोणतीही यंत्रणा निर्माण करूं शकत नाहीं. १९ अश्वशक्तीच्या इंजिनाजवळ कुंझुमवर जेमतेम बारा उरतात.

मग चाळीस अश्वशक्तीचीच गाडी घ्यावी, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर असें कीं, दगडांच्या वाटेवर आपण ताशीं पंधरा-वीस किलोमीटरांनीं चालतों. तेथें जास्तीची शक्ति वापरावयास जागाच नसते. तेथें लागतो तो धिमा, दमदार ओढा, आणि तो गिअरच्या योग्य जुळणीनें मिळवितां येतो. तो कसा, तें पुढें सांगणार आहें.

लहान गाडीवर लांबचा प्रवास होत नाहीं, हाही एक गैरसमजच आहे. लोइस प्राइस या इंग्रज बाईंनीं २००३ सालीं बी.बी.सी.मधील नोकरी सोडली आणि २२५ सी.सी.च्या लहानशा यामाहावर बसून त्या अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, उशुआयापर्यंत गेल्या. याच्या उलट, २००४ सालीं युवन मॅकग्रेगर व चार्ली बूरमन हे दोन नट मोठ्या थाटाच्या गाड्यांवरून लंडनहून न्यूयॉर्ककडे निघाले असतां मंगोलियांत त्यांच्या छायाचित्रकाराची गाडी मोडली, आणि त्याच्यासाठीं तेथेंच एक लहान, साधी रशियन मोटारसायकल विकत घ्यावी लागली.

तथापि एका बाजूनें बोलणें बरें नव्हे. हलक्या गाडीचे तोटेही आहेत. मुंबईहून मनाली सुमारें १,९०० किलोमीटर. एवढें अंतर हमरस्त्यावरून तोडावयाचें तर लहान इंजिनाची घरघर व समोरचा वारा यांनीं अंग आंबून जातें, आणि पुढच्या ट्रकला ओलांडतांना ताकद कमी पडते. शिवाय मागें जोडीदार बसवावयाचा असेल तर ही गाडी घेऊंच नये. दोन माणसें व त्यांचें सामान हें तिचें काम नव्हे. ज्याचा नव्वद टक्के प्रवास डांबरी सडकेवर होणार, त्यानें खुशाल मोठी गाडी घ्यावी. परंतु ज्याला मुख्यतः डोंगरवाटाच पाहावयाच्या आहेत त्यानें आपली हलकी गाडी टाकी रिकामी करून, नोंदणीच्या कागदाची प्रत जोडून, रेल्वेच्या पार्सलनें चंदीगडपर्यंत पाठवावी आणि तेथून बसून जावें. दोन-तीन दिवसांचा शीण वांचतो.

आतां प्रत्यक्ष निवड. दुकानांत जातांना ज्या जाड तळव्याच्या बुटांनीं प्रवास करणार तेच पायांत घालून जावें. बसल्यावर दोन्ही टांचा टेकल्याच पाहिजेत असें नाहीं. परंतु थोडें एका बाजूस सरकून एक पाऊल पुरें टेकतां आलें पाहिजे. 'एक्सपल्स २००' ची बैठक जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे, आणि 'के.एल.एक्स.' ची त्याहूनही उंच. उंची जास्त वाटली तर गाडी खालीं आणण्याचे उपाय गॅरेजांत करून मिळतात, पण त्यांनीं इंजिनाच्या तळाखालची जागाही तितकीच कमी होते आणि दगड लागूं लागतात. त्यापेक्षां बैठकीचा फोम थोडा कापून घेणें श्रेयस्कर.

चाकांकडे नीट पाहावें. या जातीच्या गाडीचें पुढचें चाक २१ इंचांचें आणि मागचें १८ इंचांचें असतें. मोठें चाक दगडावर अडखळत नाहीं, चढून जातें. बैलगाडीचीं चाकें मोठीं कां असत, याचें कारण तेंच. चाक तारांच्या स्पोकचें असावें. ओतीव चाक जोराच्या आघातानें तडकतें, आणि एकदां तडकलें कीं वाटेवर त्याला उपाय नाहीं. तारेचें चाक वांकतें, परंतु वांकलेलें चाक पुढच्या गांवापर्यंत नेतां येतें.

पेट्रोलच्या टाकीचा हिशेब कागदावर करावा. मनाली सोडल्यावर काझाच्या पंपापर्यंत पेट्रोलचा भरंवसा धरूं नये. 'के.एल.एक्स.' ची टाकी ७.६ लिटरांची आहे. लिटरला ३० किलोमीटर धरले तर ती २२८ किलोमीटर जाईल. अंतर २०० आहे, आणि खालच्या गिअरमध्यें पेट्रोल जास्त जळतें. म्हणजे हिशेब काठावर बसला. अशा वेळीं दोन-तीन लिटरांचा पक्का डबा बरोबर हवा. 'एक्सपल्स' च्या १३ लिटरांच्या टाकीला ही चिंता नाहीं. हलकेपणा कोठून आला आहे तें अशा रीतीनें तपासून पाहावें. कांहीं हलकेपणा उत्तम बांधणीमुळें येतो, कांहीं नुसता लहान टाकीमुळें.

शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. ज्या गाडीचे सुटे भाग शहराबाहेर कोठेंच मिळत नाहींत ती कितीही चांगली असली तरी डोंगरांत परकीच. तुमच्या गाडीचा क्लचचा तार तालुक्याच्या गांवीं मिळतो काय, हा प्रश्न विकणाऱ्याला अवश्य विचारावा.

गाडी घरीं आली कीं बहुतेक लोक प्रथम दिवे, पेट्या, चित्रें यांच्या मागें लागतात. हा क्रम उलटा आहे. गाडी प्रथम आपल्या अंगाला बसवावी, मग रस्त्याला, आणि शोभेचा विचार पैसे उरले तर करावा.

अंगाला बसविणें म्हणजे काय? खडकाळ वाटेवर स्वार बैठकीवर बसत नाहीं. फुटरेस्टवर उभा राहतो. गुडघे किंचित् वांकवून उभें राहिलें कीं गाडी आपल्या पायांखालीं हलते आणि शरीर स्थिर राहतें. म्हणून गाडी भिंतीला टेकवून वर उभें राहावें आणि हात सहज हँडलवर येतात काय तें पाहावें. पाठ वांकवावी लागत असेल तर हँडलखालीं उंचवटा देणारे तुकडे बसवून तें दोन-तीन सेंटिमीटर वर घ्यावें. मात्र वर घेतल्यावर हँडल दोन्हीकडे पुरें वळवून तारा ताणल्या जात नाहींत ना, याची खात्री करावी. ब्रेक व क्लच यांचे लिव्हर थोडे खालीं वळवावे, म्हणजे उभें असतांना मनगट मुरडत नाहीं. त्यांचे स्क्रू घट्ट पिळून टाकूं नयेत. जोर लावल्यास लिव्हर फिरेल इतपतच आंवळावे. गाडी पडली तर असा लिव्हर फिरतो. घट्ट आंवळलेला तुटतो. फुटरेस्टवरचे रबर काढून टाकावे, कारण ओल्या बुटाला दातेरी पोलादाचाच आधार मिळतो.

त्यानंतर सस्पेन्शन, म्हणजे धक्के सोसणारी यंत्रणा. ही जुळणी न करतांच शेंकडों लोक हजारों किलोमीटर जातात आणि गाडीला दोष देतात. रीत अगदीं सोपी आहे. मागचें चाक अधांतरीं राहील अशी गाडी उचलून धरावी आणि चाकाच्या मधल्या आंसापासून वर बैठकीजवळच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजावें. मग गाडी खालीं ठेवून, सर्व सामान लादून, पूर्ण पोषाखानिशीं वर बसावें आणि दुसऱ्याकडून तेंच अंतर पुन्हां मोजून घ्यावें. या दोहोंतील फरक चाकाच्या एकंदर हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी असावा. 'एक्सपल्स' च्या मागच्या चाकाची हालचाल १७० मिलिमीटरांची आहे; तेव्हां फरक पन्नासच्या आसपास हवा. तो सत्तर आला तर स्प्रिंगवरचें कडें फिरवून ती थोडी दाबावी. कडें पुरतें आंवळूनही फरक तसाच राहिला तर स्प्रिंग आपल्या वजनाला अपुरी आहे. एक तर जाड स्प्रिंग घालावी, नाहीं तर सामान कमी करावें. दुसरा उपाय फुकट आहे.

याच वेळीं साखळीही पाहावी. गाडी रिकामी असतां जी साखळी बेताची सैल दिसते, ती स्वार बसल्यावर ताणली जाते. म्हणून तिचा सैलपणा माणूस बसवून तपासावा. ताठ साखळी खड्ड्यांत तुटते आणि कधीं कधीं इंजिनाचें कवचही फोडते.

आतां गिअरची जुळणी, जिचा उल्लेख मीं मघाशीं केला. इंजिनाकडच्या दातेरी चक्राला, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटला, १३ दांते असतील तर त्या जागीं १२ दांत्यांचें चक्र बसवावें. एवढ्यानें ओढ सुमारें आठ टक्क्यांनीं वाढते आणि सर्वोच्च वेग तितकाच उतरतो. हें काम थोड्या खर्चांत, तासाभरांत होतें आणि परत आल्यावर जुनें चक्र पुन्हां बसवितां येतें. विरळ हवेंत, चढणीवर, पहिल्या गिअरमध्यें क्लच जाळीत जाणाऱ्या गाडीला याचा किती आधार वाटतो, हें अनुभवानेंच कळतें.

टायर खोल खांचांचे घ्यावे, पण अगदीं शर्यतीचे नकोत. ते डांबरावर लवकर झिजतात आणि ओल्या सडकेवर दगा देतात. मातीवर उतरतांना हवेचा दाब सडकेवरच्यापेक्षां चौथ्या हिश्श्यानें कमी करावा. टायर पसरतो, पकड वाढते, हादरे कमी होतात. फार कमी मात्र करूं नये, नाहीं तर दगड व रिम यांच्यामध्यें ट्यूब चेंगरून फुटते. सडकेवर परत येतांच हवा पुन्हां भरावी. म्हणजे हातपंप व दाबमापक बरोबर हवाच. जास्तीची ट्यूब एकच नेणें असेल तर पुढच्या चाकाची न्यावी. ती अडीअडचणीला मागच्या चाकांतही घालून गांवापर्यंत जातां येतें. मागची पुढें घालणें कठीण. आणि पंक्चर काढण्याचा सराव घरच्या अंगणांत करावा. आपला हात जगन्नाथ ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे.

संरक्षणाच्या वस्तु तीनच पुरेत: इंजिनाच्या पोटाखालीं धातूचा जाड पत्रा, हातांपुढें लिव्हर वांचविणारे आडवे कठडे, आणि टाकीच्या बाजूंना हलकें लोखंडी कडें. यापुढचें प्रत्येक लोखंड म्हणजे उचलावयाचें ओझें. येथें कायद्याचीही एक आठवण ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरबदल करण्यास मनाई आहे. कर्णकर्कश सायलेन्सर बसविण्याचा मोह तर टाळावाच. तो बेकायदेशीर आहे आणि डोंगरांतल्या शांततेला शोभतही नाहीं.

सामानासाठीं माझा आग्रह पडशीचा आहे. आपले वाडवडील घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंस लोंबणारी कापडी पडशी टाकीत. तीच वस्तु आतां जाड, जलरोधक कापडाची मिळते. पत्र्याची पेटी पायावर पडली तर काय होतें, तें मीं सांगितलेंच आहे. पडशी पायावर पडली तर पाय ओढून काढतां येतो. जड वस्तु, म्हणजे हत्यारें, ट्यूब व पाणी, खालीं आणि पुढें ठेवाव्या; मागच्या टोकाला उंच बांधलेलें ओझें गाडीचें पुढचें चाक हलकें करतें आणि वळणावर हँडल आपलें ऐकत नाहीं. एकंदर सामान पंधरा किलोंच्या आंत बसवावें. हत्यारांची निवड करतांना नवा संच विकत घेऊं नये. गाडीचा प्रत्येक नट स्वतः उघडून पाहावा आणि जो पाना लागला तोच पिशवींत टाकावा. त्यांत एक क्लचचा तार, एकेक लिव्हर, साखळीचा जोड, फ्यूज, थोडी बांधण्याची तार आणि टायर काढण्याच्या पट्ट्या एवढें घातलें कीं पुष्कळ झालें. वांचलेल्या पैशांतून घोटा झांकणारे बूट, गुडघ्यांचीं ढालें आणि उत्तम शिरस्त्राण घ्यावें. आईवडिलांनीं कांहीं भेट द्यावयाची असेल तर ती हीच द्यावी.

ओढ्यांविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण या वाटेवर खरा धोका तेथेंच असतो. हे ओढे बर्फाच्या पाण्याचे. ऊन चढतें तसें बर्फ वितळतें आणि सकाळीं घोट्याएवढा असलेला प्रवाह दुपारनंतर मांडीपर्यंत येतो. म्हणून भल्या पहांटे निघून अशा जागा लवकर ओलांडाव्या. अनोळखी पाण्यांत आधीं स्वतः काठी घेऊन चालत जावें. जेथें चालतां येत नाहीं तेथें गाडी घालूं नये. पहिला गिअर, एकसारखा वेग, आणि नजर पलीकडच्या कांठावर. गाडी पाण्यांत पडून इंजिन बंद पडलें तर घाईनें स्टार्टरचें बटण दाबूं नये. पाणी आंत गेलें असेल तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं, आणि त्या जोरानें इंजिनाचा दांडा वांकतो. गाडी बाहेर काढावी, स्पार्क प्लग खोलावा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावें, हवेची गाळणी पिळून सुकवावी आणि नंतरच सुरू करावें. हा अर्ध्या तासाचा संयम ज्याच्याजवळ आहे त्याची गाडी संध्याकाळीं काझाला पोंचते.

हें सगळें झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती दुकानांत मिळत नाहीं. ती म्हणजे सराव. त्यासाठीं हिमालयापर्यंत जाण्याची गरज नाहीं. आपला सह्याद्रि घराजवळ आहे. पावसाळ्यांत कोंकणांतल्या तांबड्या मातीच्या वाटा आणि मावळांतले चिखलाचे रस्ते हे उत्तम गुरु आहेत. तेथें चार वेळां पडावें, चार वेळां उठावें, आणि सामान बांधण्याची रीत, टायरमधली हवा, स्प्रिंगचें कडें हें सारें तेथेंच ठरवावें. नवी जुळणी घेऊन थेट कुंझुमवर जाणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

गाडी उचलण्याचीही एक रीत आहे. कमरेंतून वांकून ती ओढूं नये, पाठ धरते. प्रथम इंजिन बंद करून गाडी गिअरमध्यें ठेवावी. ती उजव्या अंगावर पडली असेल तर डावीकडचा स्टँड आधींच उघडावा, म्हणजे उभी केल्यावर ती पलीकडे कोसळणार नाहीं. मग हँडल पुरें वळवून, बैठकीला पाठ लावून बसावें, एक हात हँडलच्या मुठीला व दुसरा मागच्या कडीला धरावा, आणि पायांच्या जोरावर लहान लहान पावलें मागें टाकीत तिला उभी करावी. जोर हातांचा नव्हे, मांड्यांचा.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं सध्यां हा विषय निघालेला असेल त्यांना मी एक साधी कसोटी सुचवितों. एखाद्या रविवारीं सकाळीं गाडी सर्व सामानासह मोकळ्या मैदानांत न्यावी, गवतावर हळूच आडवी करावी, आणि जो कोणी जाणार असेल त्याला किंवा तिला सांगावें कीं, ही एकट्यानें तीन वेळां उभी करून दाखीव. पहिल्यांदां उत्साहानें होतें, दुसऱ्यांदां रीत लागते, आणि तिसऱ्यांदां खरें काय तें कळतें. तिसऱ्यांदां गाडी उभी राहिली तर परवानगी द्यावी आणि बिनघोर झोंपावें. न राहिली तर पडशींतलें सामान एकेक करून बाहेर काढावें आणि पुन्हां प्रयत्न करावा. तरीही न राहिली तर गाडी बदलावी. दुकानदाराला हें आवडणार नाहीं. पण ओढ्याच्या कांठीं तुमच्या मुलाबरोबर दुकानदार असणार नाहीं; तेथें तो स्वतः आणि त्याची गाडी एवढीं दोघेंच असतात.